ज्योतिर्विद वेंकटेश बापूजी केतकर आणि जुन्या कागदांतील तिथि

जुन्या कागदावरील एका मितीनें आम्हांस काही वर्षांपूर्वीं चांगलेंच फसविलें. खरें सांगावयाचें तर मितीनें फसविलें नाहीं, आमचें आम्हीच फसलों. ज्या विद्वानाविषयीं येथें लिहावयाचें आहे त्याची योग्यता आम्हांस त्या चुकीमुळेंच कळली, म्हणून ती हकीकत प्रथम सांगतों.

बारामती तालुक्यांत कऱ्हेच्या कांठीं मोरगांव हें श्रीमयूरेश्वराचें क्षेत्र आहे. शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यापासून आमचें वास्तव्य येथेंच आहे. भाद्रपद व माघ या दोन महिन्यांच्या शुद्ध चतुर्थीचे उत्सव येथें मोठे. त्या वेळीं चिंचवडाहून देवांची पालखी येते. तेव्हां चतुर्थी कोणत्या वारीं, हा प्रश्न या गांवीं केवळ पंचांगाचा नसून घरोघरचा आहे. येथून जवळच्या एका घरीं जुने रुमाल पाहतां पाहतां नंदादीपाच्या तेलाच्या नेमणुकीचा एक मोडी कागद आमच्या हातीं आला. त्यावर शक, संवत्सर, ‘माघ शुद्ध ४’ आणि वार इतका पूर्ण तपशील होता. कागद खासगी असल्यामुळें व मालकांची इच्छा नसल्यामुळें त्याचा पाठ येथें देत नाहीं. अक्षर जुन्या वळणाचें होतें. शाई व कागद यांत संशय घेण्याजोगें कांहीं नव्हतें.

आम्हीं घरीं येऊन संगणकावर त्या दिवसाची तिथि काढली. चतुर्थी त्या वारच्या सूर्योदयापूर्वींच संपून पंचमी लागलेली दिसली. म्हणजे वार एका दिवसानें चुकला. ‘मिती जुळत नाहीं, कागद मागाहून केलेला दिसतो,’ असा निर्वाळा आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें देऊन टाकला. मालकांनीं कागद कांहीं न बोलतां घडी घालून ठेवून दिला. त्या कागदावर त्यांचें कसलेंहि उत्पन्न अवलंबून नव्हतें. परंतु चार पिढ्या देवघराजवळ जपून ठेविलेली वस्तु आम्हीं एका वाक्यानें खोटी ठरविली होती. पुढें केतकरांच्या ग्रंथांचें वाचन करतांना आमची चूक आमच्या ध्यानांत आली. जुन्या पक्षानें गणित करून पाहिलें, तों चतुर्थी सूर्योदयानंतर कांहीं घटका शिल्लक राहत होती. कागदावरील वार बरोबर होता. आम्ही तपासलें तें आकाश. लेखकानें पाहिलें होतें तें पंचांग.

१. एका तिथीचीं दोन गणितें

सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढें गेला म्हणजे एक तिथि पुरी होते. असे ३६० अंश भरण्यास सुमारें २९.५३ दिवस लागतात, व तेवढ्यांत तीस तिथी होतात. चंद्राची गति सारखी नसल्यामुळें तिथि कधीं साठ घटकांहून मोठी, कधीं लहान असते. सूर्योदयीं जी तिथि चालू असेल ती त्या दिवसाची तिथि, असा सामान्य व्यवहार आहे. तेव्हां एका गणितानें तिथि सूर्योदयापूर्वीं एक घटका संपली आणि दुसऱ्या गणितानें सूर्योदयानंतर एक घटका संपली, तर दोहोंतील अंतर अवघ्या दोन घटकांचें, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचें. परंतु कागदावर तेंच एका दिवसाचें होतें.

पेशवाईअखेरपर्यंत, व त्यानंतरहि पुष्कळ काळ, महाराष्ट्रांतील पंचांगें मुख्यतः गणेश दैवज्ञाच्या ग्रंथांवरून होत असत. कोंकणांतील नांदगांवच्या या गणकानें शके १४४२ (इ. स. १५२०) मध्यें ‘ग्रहलाघव’ रचिलें व त्यानंतर थोड्याच वर्षांनीं ‘तिथिचिंतामणि’. ज्या व चाप यांचें कष्टाचें गणित टाळून साध्या गुणाकार-भागाकारांनीं ग्रह काढण्याची युक्ति त्यानें दिली. म्हणून हे ग्रंथ गांवोगांवच्या जोश्यांच्या हातीं गेले व तीनशेंहून अधिक वर्षें तेथेंच राहिले.

या जुन्या गणितांत चंद्राला एकच मोठा संस्कार दिला जातो. त्यास मंदफल म्हणतात, व त्याचें परम मान सुमारें ५ अंश धरलेलें असतें. अर्वाचीन गणितानें हा संस्कार ६ अंश १७ कलांचा आहे. शिवाय सूर्याच्या आकर्षणामुळें उत्पन्न होणारा सुमारें १ अंश १६ कलांचा दुसरा एक संस्कार आहे. अमावास्या व पूर्णिमा या वेळीं हे दोन परस्परविरुद्ध पडतात व बाकी ५ अंश १ कला उरते. हा जवळजवळ आपल्या पूर्वजांचाच आंकडा आहे. चंद्राची त्यांची मुख्य कसोटी ग्रहणाची, आणि ग्रहणें पर्वकाळींच होतात. तेथें त्यांचें गणित चांगलें जुळत असे. अष्टमीच्या सुमारास मात्र हेच दोन संस्कार एकमेकांत मिळून साडेसात अंशांपर्यंत जातात, व जुन्या गणिताची चूक अडीच अंशांपर्यंत पोंचते. काळांत तिचें मान सुमारें बारा घटका होतें. चतुर्थीसारख्या मधल्या तिथींतहि कांहीं घटकांचा फरक सहज पडतो. जुन्या पंचांगांत तिथि फार तर ६५ घटकांपर्यंत वाढे व ५४ पर्यंत घटे. यालाच बाणवृद्धि-रसक्षय म्हणत. प्रत्यक्ष आकाशांत ती सुमारें ६७ पासून ५० घटकांपर्यंत बदलते.

आपल्याकडे ही उणीव कोणासच कळली नव्हती असें मात्र नाहीं. मुंजाल यानें शके ८५४ (इ. स. ९३२) च्या सुमारास ‘लघुमानसां’त चंद्रास दुसरा संस्कार सांगितला होता. ओरिसांतील सामंत चंद्रशेखर (१८३५–१९०४) यांनीं तर दुर्बिणीवांचून, बांबूच्या व लांकडाच्या यंत्रांनीं वेध घेऊन चंद्राचे संस्कार स्वतः शोधून काढले व ‘सिद्धांतदर्पण’ या संस्कृत ग्रंथांत घातले.

२. शाळामास्तराची युक्ति

महाराष्ट्रांत पंचांगशोधनास आरंभ केरो लक्ष्मण छत्रे यांनीं केला. त्यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ इ. स. १८६० मध्यें मराठींत प्रसिद्ध झालीं व शके १७८७ पासून पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. काशीस बापूदेव शास्त्री यांनींहि प्रत्यक्ष आकाशाशीं जुळणारें पंचांग सुरू केलें. तरीहि लोकांच्या व्यवहारांत जुनें पंचांग राहिलें. याचें कारण लोकांचा हट्ट एवढेंच देणें अन्यायाचें होईल. पंचांग करणारा जो जोशी, त्याची सर्व विद्या संस्कृत श्लोकांत व कांहीं ठराविक कृतींत बसविलेली होती. इंग्रजी पंचांगांतील आंकडे आयते घ्या, असें त्यास सांगणें म्हणजे गणक असण्याचें सोडून नकलनवीस हो, असेंच सांगणें होतें.

ही अडचण ज्यानें ओळखली तो पुरुष म्हणजे वेंकटेश बापूजी केतकर. यांचा जन्म इ. स. १८५४ चा. यांनीं मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागांत शिक्षकाची नोकरी केली व बागलकोट येथील इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. दिवसा वर्ग व त्यापुढें गणित, असा यांचा क्रम कित्येक वर्षें चालला असला पाहिजे. कारण ‘ज्योतिर्गणित’, ‘केतकी ग्रहगणित’, ‘वैजयंती’ इत्यादि ग्रंथ फुरसतीच्या चार घटकांत होणारे नव्हेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त (१८९६) या समकालीन गणकाची दखल घेतली आहे. दीक्षितहि शिक्षकच होते.

केतकरांची कल्पना अशी, कीं पाश्चात्य वेधशाळांनीं सिद्ध केलेलीं मानें घ्यावीं, परंतु तीं अहर्गण, मध्यमग्रह, मंदफल, शीघ्रफल या आपल्या परिचित पायऱ्यांनीं, संस्कृत पद्यांत व सोप्या कोष्टकांत उतरवून द्यावीं. ज्याला ग्रहलाघव येतें त्याला केतकी ग्रहगणित नवें वाटूं नये, व तरीहि उत्तर आकाशाशीं जुळावें. नवें धान्य जुन्या मापानें मोजून देण्याचा हा प्रकार. इंग्रजी शिकलेल्यांस तो अनावश्यक वाटण्यासारखा होता, कारण त्यांस संस्कृत नको होतें; जुन्या शास्त्र्यांस तो पाखंड वाटण्यासारखा होता, कारण त्यांस नवीं मानें नको होतीं. परंतु शिकविण्याचा ज्यास अनुभव आहे त्यास यांतील मर्म लगेच कळेल. आम्ही पस्तीस वर्षें मुलांपुढें उभे राहिलों. ज्या मुलाला पाढे तोंडपाठ आहेत त्याला त्या पाढ्यांच्या पायरीवरून वर न्यावें लागतें. त्याचे पाढे टाकून देऊन त्यास वर ओढतां येत नाहीं. केतकरांनीं हेंच तत्त्व सबंध व्यवसायास लावलें. संस्कृत पतकरल्यामुळें आणखी एक लाभ झाला. त्यांचे ग्रंथ मराठीच्या सीमेंत अडकले नाहींत. महाराष्ट्राबाहेरील पंचांगकर्त्यांनींहि त्यांचा उपयोग केला.

राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा, या वादांतहि त्यांनीं ठाम पक्ष घेतला. चित्रा ताऱ्यासमोरील बिंदूपासून राशी मोजाव्या हें त्यांचें मत. लोकमान्य टिळकादि मंडळी रेवतीच्या योगताऱ्यापासून मोजण्याच्या मताची होती. दोहोंत सुमारें चार अंशांचें, म्हणजे संक्रांतींत चार दिवसांचें अंतर पडे, आणि त्यामुळें क्वचित् अधिक मासहि निराळा येई. वाद पुष्कळ वर्षें चालला. भारत सरकारनें इ. स. १९५२ मध्यें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या पंचांगसमितीनें २१ मार्च १९५६ रोजीं अयनांश २३ अंश १५ कला धरले. हें मान चित्रापक्षाचें आहे. आज महाराष्ट्रांत घरोघरीं भिंतीवर दिसणारीं बहुतेक पंचांगें याच पक्षाचीं आहेत, परंतु तीं पाहणाऱ्या शंभरांतील एकालाहि केतकरांचें नांव ठाऊक नसेल.

३. ‘ब्रह्मा’ व ‘विष्णु’

केतकरांचें नांव ज्यांस ठाऊक असतें त्यांस तें बहुधा एका निराळ्याच कारणानें ठाऊक असतें. मे १९११ मध्यें फ्रान्सच्या ज्योतिर्विषयक संस्थेच्या पत्रिकेंत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींत लहान पूर्णांकांचा एक नियमित संबंध आहे, हें लाप्लास यानें पूर्वीं दाखविलें होतें. तसाच संबंध प्रजापति (युरेनस), वरुण (नेपच्यून) व त्यापलीकडील एखादा अज्ञात ग्रह यांच्यांत असावा, अशी कल्पना केतकरांनीं केली. त्यावरून त्या ग्रहाचें सूर्यापासून अंतर, पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट, व प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षें असा त्यांनीं काढला. त्याच्याहि पलीकडे ५९.५७३ पट अंतरावर ४५९.८२ वर्षांचा दुसरा ग्रह त्यांनीं सुचविला. पहिल्यास ‘ब्रह्मा’ व दुसऱ्यास ‘विष्णु’ अशीं नांवें त्यांनीं योजिलीं. एकोणीस वर्षांनीं, इ. स. १९३० च्या फेब्रुवारींत, अमेरिकेंत टॉम्बॉ यास प्लूटो सांपडला. त्याचें मध्यम अंतर ३९.४८ पट व काल सुमारें २४८ वर्षें आहे. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें केतकर वारले.

आंकडे इतके जवळ आल्यामुळें ‘प्लूटोचा शोध आमच्या केतकरांनीं लाविला’ असें अभिमानानें लिहिलेलें क्वचित् वाचावयास मिळतें. सत्यशोधनाचें व्रत घेतलेल्या आपणांस तें पतकरतां येणार नाहीं. केतकरांनीं ज्या जातीचा संबंध गृहीत धरला त्यानें हे तीन गोल बांधलेले नाहींत. प्लूटो इतका हलका आहे कीं मोठ्या ग्रहांच्या गतींवर त्याचा परिणाम जाणवत नाहीं. त्याचा उपग्रह इ. स. १९७८ मध्यें सांपडल्यावर हें निश्चित झालें. ‘विष्णु’च्या जागीं कोणताहि मोठा ग्रह मिळाला नाहीं. इ. स. २००६ पासून खुद्द प्लूटोचीहि गणना बटुग्रहांत होते. अमेरिकेचा लॉवेल यानेंहि असाच ग्रह गणितानें वर्तविला होता, आणि त्याचें भाकीतहि केवळ योगायोगानें जुळलें असें पुढें ठरलें.

परंतु दुसऱ्या टोंकास जाऊन तें सर्व निरर्थक म्हणणेंहि बरोबर नाहीं. प्लूटोच्या दोन प्रदक्षिणा होतात तेवढ्यांत वरुणाच्या तीन होतात, व हा संबंध टिकून राहणारा आहे, असें कोहेन व हबर्ड यांनीं इ. स. १९६५ मध्यें दाखविलें. दूरच्या गोलांचे काल लहान पूर्णांकांनीं जोडलेले असूं शकतात, ही केतकरांची मूळ जाणीव त्या मर्यादेपर्यंत खरी ठरली. मात्र उत्तर जवळ आलें एवढ्यानें रीति सिद्ध होत नाहीं, हा यांतील धडा. तो आपल्या शास्त्रासहि लागू आहे. मितीचा वार जुळला एवढ्यानें कागद अस्सल ठरत नाहीं, आणि जुळला नाहीं एवढ्यानें तो बनावट ठरत नाहीं. आम्हीं दुसरी चूक केली होती. पहिली करणारेहि आमच्या पाहण्यांत आहेत.

४. संशोधकांस केतकरांचा खरा उपयोग

आमच्या मतें केतकरांचें जें कार्य या पत्रिकेच्या वाचकांस सर्वांत जवळचें, त्याचीच सर्वांत अधिक उपेक्षा झाली आहे. आकाशाशीं जुळणारें गणित करण्यांत आयुष्य घालविलेल्या या पुरुषानें जुनें गणित टाकून दिलें नाहीं. ‘सौरार्यब्रह्मपक्षीय तिथिगणित’ या ग्रंथांत त्यांनीं सौर, आर्य व ब्राह्म या तिन्ही जुन्या पक्षांनीं तिथि कशी काढावी हें दिलें. इ. स. १९२३ मध्यें मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेनें त्यांचा ‘इंडियन अँड फॉरेन क्रोनॉलॉजी’ हा कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आजच्या व्रतास आजचें शुद्ध गणित हवें, परंतु काल लिहिलेल्या कागदास कालचेंच गणित हवें, हा विवेक त्यांच्या ठिकाणीं होता. सुधारक व इतिहासकार यांचीं कामें भिन्न आहेत, आणि एकाच माणसास तीं दोन्ही करतां येतात, याचें हें उत्तम उदाहरण होय.

हल्लीं संगणकानें क्षणांत तिथि मिळते, व तीहि पळाविपळांपर्यंत. ती दृक्तिथि असते. शिवकालीन किंवा पेशवेकालीन कागदाचा लेखक ती जाणत नव्हता. म्हणून मिती पडताळतांना दृक्तिथीनें वार एका दिवसानें चुकला, तर निर्णय देण्यापूर्वीं जुन्या पक्षानें तिथ्यंत काढून पाहावा, आणि तो सूर्योदयाच्या किती जवळ पडतो तें लक्षांत घ्यावें. पर्वकाळीं दोन गणितांत अंतर थोडें असतें. अष्टमीच्या आसपास तें मोठें असतें. चूक दोन दिवसांची निघाली तर मात्र पंचांगभेदाची सबब पुरत नाहीं.

दुसरी गोष्ट दिवसारंभाची. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, इंग्रजांचा मध्यरात्रीपासून. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ या तिथीस, शुक्रवारची रात्र सरतां सरतां पहांटे झाला. इंग्रजी गणनेनें तोच शनिवार, ६ जून १६७४ होय. यांत कोणी चुकलें नाहीं. दिवस मोजण्याची रीति वेगळी. शिवाय ती ६ जून ही तारीख जुन्या इंग्रजी पद्धतीची आहे. नव्या पद्धतीनें ती १६ जून होते. इंग्रजांनीं नवी पद्धति इ. स. १७५२ मध्यें घेतली, म्हणून त्यापूर्वींच्या इंग्रजी पत्रांशीं मराठी मिती ताडून पाहतांना हें अंतर विसरूं नये.

तिसरी गोष्ट संग्राहकांस विनंतीची आहे. घराण्यांचे रुमाल सोडतांना सनदा, महजर, वंशावळी काढून घेतल्या जातात, व त्यांत सांपडलेलीं जुनीं हस्तलिखित पंचांगें, कोष्टकांचीं सुटीं पानें, जोश्यांचीं टिपणें हीं निरुपयोगी म्हणून परत बांधलीं जातात किंवा रद्दींत जातात. वस्तुतः त्या वर्षीं त्या गांवीं कोणती तिथि कोणत्या वारीं धरली गेली, याचा त्याहून चांगला पुरावा दुसरा नाहीं. दहा जंत्र्यांचें अनुमान एका बाजूस, आणि त्या काळचें त्या प्रांतांतलें पंचांगाचें एक फाटकें पान एका बाजूस. बारामती, इंदापूर व सासवड या भागांतील जुन्या वाड्यांत अशीं पानें अद्यापि असतील. ज्यांस मिळतील त्यांनीं तीं जपावीं. शक, संवत्सर व गांव यांची नोंद करून त्यांची यादी केली तर शेंकडो कागदांच्या मित्या निश्चित करण्यास तिचा उपयोग होईल.

केतकरांनीं वर्तविलेला ग्रह त्यांच्या गणितानें सांपडला नाहीं. परंतु त्यांच्या तिथिगणितामुळें मोरगांवच्या परिसरांतील एक कागद त्याच्या जागीं परत गेला. गणित हातीं लागल्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या घरीं गेलों व आपली चूक कबूल केली. मालकांनीं कागद पुन्हां बाहेर काढला, मिती एकदां मोठ्यानें वाचली, आणि ‘गुरुजी, वार बरोबर होता तर,’ एवढेंच म्हटलें.